विरघळलेल्या कणांची मोजदाद

रुग्णालयात शिरेतून द्रव देण्यासाठी ज्या बाटल्या वापरल्या जातात, त्यांपैकी दोन प्रकारच्या बाटल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. एकीत मिठाचे द्रावण असते, तर दुसरीत ग्लुकोजचे. मिठाच्या बाटलीवर ०.९ टक्के असा आकडा छापलेला असतो. म्हणजे १ लिटर द्रावणात ९ ग्रॅम मीठ. ग्लुकोजच्या बाटलीवरील आकडा ५ टक्के असतो; म्हणजे १ लिटर द्रावणात ५० ग्रॅम ग्लुकोज. ही दोन्ही द्रावणे रक्तात सुखरूप मिसळतात. त्यांच्याऐवजी तितकेच शुद्ध पाणी शिरेत सोडले, तर मात्र तांबड्या रक्तपेशी फुगून फुटू लागतात आणि रुग्णाचा जीव धोक्यात येतो.

मीठ आणि ग्लुकोज यांच्यात रासायनिक साम्य असे काही नाही. मग एकाचे ९ ग्रॅम आणि दुसऱ्याचे ५० ग्रॅम रक्तपेशीच्या दृष्टीने सारखेच का ठरावेत? याचे उत्तर थोडक्यात असे आहे की, पाणी पेशीच्या आत शिरेल की बाहेर पडेल हे ठरताना विरघळलेल्या पदार्थाच्या वजनाला किंवा जातीला महत्त्व नसते. महत्त्व असते ते त्याच्या कणांच्या संख्येला. ९ ग्रॅम मिठापासून आणि ५० ग्रॅम ग्लुकोजपासून पाण्यात जवळजवळ सारख्याच संख्येने कण निर्माण होतात. हे साधे वाटणारे सत्य हाती येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

वजन नव्हे, संख्या

द्रावणाचे काही गुणधर्म त्यात काय विरघळले आहे यावर अवलंबून असतात. मोरचुदाचे द्रावण निळे दिसते, साखरेचे गोड लागते, लिंबाचा रस आंबट असतो. रंग, चव, वास हे सर्व पदार्थाच्या जातीचे गुण होत. परंतु गुणधर्मांचा आणखी एक गट असा आहे की, त्याला पदार्थाच्या जातीशी कर्तव्य नसते. द्रावण कोणत्या तापमानाला उकळते, कोणत्या तापमानाला गोठते, त्याच्यावरील वाफेचा दाब किती असतो आणि ते पातळ पडद्यातून पाणी किती जोराने ओढून घेते, हे चार गुणधर्म या गटात मोडतात.

कणांची संख्या मोजण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ मोल हे माप वापरतात. एखाद्या पदार्थाच्या रेणुभाराइतके ग्रॅम घेतले म्हणजे त्याचा १ मोल होतो. युरियाचा रेणुभार ६०, ग्लुकोजचा १८० आणि उसाच्या साखरेचा ३४२ आहे. म्हणून ६० ग्रॅम युरिया, १८० ग्रॅम ग्लुकोज आणि ३४२ ग्रॅम साखर यांमध्ये रेणूंची संख्या अगदी सारखी असते. ही संख्या प्रचंड आहे. १ वर २३ शून्ये मांडल्यावर जी संख्या होते, तिच्या सुमारे ६ पट. हे रेणू एकेक करून मोजणे अर्थातच अशक्य आहे. तराजूवर वजन करून त्यांची संख्या कळते, हाच मोल या मापाचा उपयोग.

आता प्रत्येकी १ किलोग्रॅम पाण्यात हे तीन पदार्थ याच प्रमाणात वेगवेगळे विरघळवले, तर तिन्ही द्रावणे ० अंश सेल्सिअसऐवजी उणे १.८६ अंशाच्या आसपास गोठू लागतात आणि १०० अंशांऐवजी सुमारे १००.५ अंशांना उकळतात. युरियाचा रेणू लहान आणि साखरेचा त्याच्या जवळजवळ सहापट जड. पण पाण्याच्या गोठण्यावर दोघांचाही परिणाम सारखाच. द्रावण जितके विरल, तितका हा नियम अधिक काटेकोरपणे लागू पडतो.

एका कारणाचे चार परिणाम

उघड्या भांड्यातील पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत निसटून हवेत जात असतात. झाकलेल्या भांड्यात ते परतही येत असतात, आणि जाणाऱ्यांची व येणाऱ्यांची संख्या समान झाली म्हणजे वाफेचा एक ठराविक दाब निर्माण होतो. यालाच बाष्पदाब म्हणतात. पाण्यात साखर मिसळली की, पाण्याचे रेणू आता एका मिश्रणाचे घटक बनतात. मिश्रण होणे ही निसर्गात आपोआप घडणारी गोष्ट आहे. उलट मिश्रणातून एकच घटक वेगळा काढण्यासाठी काही किंमत द्यावी लागते. त्यामुळे मिश्रणातील पाण्याची निसटण्याची प्रवृत्ती शुद्ध पाण्यापेक्षा कमी असते. १ किलोग्रॅम पाण्यात सुमारे ५५.५ मोल रेणू असतात. त्यात साखरेचा १ मोल मिसळला, तर एकूण ५६.५ मोलांपैकी १ मोल परका असतो, आणि बाष्पदाबही तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे १.८ टक्क्यांनी उतरतो. फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे अध्यापन करणाऱ्या फ्रान्स्वा-मारी राऊल्त यांनी हा नियम १८८७ मध्ये मांडला.

उरलेले तीन परिणाम याच एका कारणातून उद्भवतात. बाष्पदाब बाहेरील हवेच्या दाबाइतका झाला म्हणजे द्रव उकळतो. द्रावणाचा बाष्पदाब मुळातच कमी असल्याने त्याला अधिक तापवावे लागते. गुऱ्हाळात हे रोज दिसते. उसाचा ताजा रस १०० अंशांच्या किंचित वर उकळतो. पण काहिलीतील पाणी आटत जाते, साखरेचे प्रमाण वाढत जाते आणि उकळण्याचे तापमानही चढत जाते. गूळ उतरवण्याच्या वेळी ते ११५ ते ११८ अंशांच्या घरात पोहोचलेले असते. अनुभवी गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून जे ओळखतो, तेच तापमापकही सांगू शकतो.

गोठण्याच्या बाबतीत सामना बर्फ आणि द्रव यांच्यात असतो. ० अंशाला शुद्ध पाण्यात बर्फ तरंगत असेल, तर बर्फातून सुटणारे रेणू आणि बर्फाला येऊन चिकटणारे रेणू यांची संख्या समान असते. पाण्यात मीठ टाकले की, द्रवातून बर्फाकडे परतणाऱ्या रेणूंचा ओघ मंदावतो. बर्फ मात्र पूर्वीच्याच वेगाने सुटत राहतो. परिणामी बर्फ वितळतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता भोवतालातून घेतो आणि तापमान खाली घसरते. कुल्फीवाल्याच्या मडक्यात बर्फाबरोबर जाडे मीठ टाकण्याचे रहस्य हेच आहे. साच्यातील आटीव दुधात साखर असल्याने ते ० अंशाला घट्ट होत नाही. नुसता बर्फ तेथे अपुरा पडतो. बर्फ आणि मीठ यांच्या योग्य मिश्रणाचे तापमान मात्र उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. समुद्राच्या पाण्यात दर किलोग्रॅमला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून तेही ० अंशाला न गोठता उणे १.९ अंशाला गोठते.

चौथा परिणाम सर्वांत नाट्यपूर्ण आहे. १७४८ मध्ये फ्रेंच धर्मगुरू व पदार्थवैज्ञानिक झां-आंत्वान नोले यांनी मद्यार्काने भरलेल्या पात्राच्या तोंडावर प्राण्याच्या मूत्राशयाचे पातळ कातडे ताणून बांधले आणि ते पात्र पाण्यात बुडवून ठेवले. पाणी आत शिरून कातडे फुग्यासारखे वर आले. पाण्याला वाट देणारा, पण विरघळलेल्या पदार्थाला अडवणारा असा पडदा अर्धपार्य पडदा म्हणून ओळखला जातो आणि त्यातून पाणी जाण्याच्या क्रियेला परासरण किंवा तर्षण म्हणतात. पाण्याची निसटण्याची प्रवृत्ती जेथे अधिक, तेथून ते जेथे कमी, तेथे जाते; म्हणजेच शुद्ध पाण्याकडून द्रावणाकडे. हा ओघ थांबवण्यासाठी द्रावणावर जो दाब द्यावा लागतो तो परासरणदाब. १ लिटर द्रावणात १ मोल कण असतील, तर सामान्य तापमानाला हा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २४ पट भरतो. समुद्राच्या पाण्याचा परासरणदाब साधारण २७ पट आहे. त्याहून बराच मोठा दाब देऊन पाण्याला उलट दिशेने ढकलले, तर खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी मिळते. चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० मध्ये आणि नेम्मेली येथे २०१३ मध्ये सुरू झालेले प्रकल्प याच तत्त्वावर उभारलेले आहेत.

मिठाचे कोडे

गोठणबिंदू द्रावणाच्या तीव्रतेच्या प्रमाणात उतरतो, हे इंग्लंडमधील चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७८८ मध्येच दाखवले होते. तथापि निरनिराळ्या पदार्थांची तुलना रेणूंच्या संख्येच्या आधारे करण्याचे श्रेय राऊल्त यांचे. या तुलनेमुळे रसायनशास्त्राला एक नवा तराजू मिळाला. अज्ञात पदार्थाचे ठराविक वजन पाण्यात विरघळवावे, गोठणबिंदू किती उतरला ते पाहावे. त्यावरून कणांची संख्या आणि संख्येवरून एका रेणूचे वजन निघते. प्रथिनांसारख्या अवजड रेणूंसाठी परासरणदाब अधिक उपयोगी पडतो, कारण थोड्या कणांचाही दाब मोजता येण्याइतका असतो. गिल्बर्ट अडेर यांनी १९२५ मध्ये याच मार्गाने रक्तातील हीमोग्लोबिनचा रेणुभार सुमारे ६७,००० असल्याचे निश्चित केले.

दरम्यान जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी सच्छिद्र मातीच्या भांड्यात रासायनिक पडदा तयार करून साखरेच्या द्रावणांचे परासरणदाब मोजले व १८७७ मध्ये प्रसिद्ध केले. हे आकडे डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांच्या पाहण्यात आले आणि त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. साखरेचे तेवढेच रेणू तेवढ्याच जागेत वायुरूपाने असते, तर त्यांचा जितका दाब पडला असता, तितकाच त्यांचा परासरणदाब होता. वायूंचा नियम द्रावणांनाही लागू पडत होता. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये व्हान्ट हॉफ यांना मिळाले, ते या कार्यासाठीही होते.

परंतु या सुबक चित्रात एक मोठी अडचण होती. मीठ नियम पाळत नव्हते. मिठाचा १ मोल म्हणजे ५८.५ ग्रॅम. १ किलोग्रॅम पाण्यात तो विरघळवला, तर गोठणबिंदू १.८६ अंशाने उतरायला हवा. प्रत्यक्षात तो सुमारे ३.४ अंशांनी उतरतो. विरल द्रावणात तर मिठाचा परिणाम अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि कॅल्शियम क्लोराइडचा तिपटीच्या जवळ जातो. व्हान्ट हॉफ यांनी आपल्या सूत्रात एक गुणक घालून ही विसंगती नोंदवली. तिचे कारण मात्र त्यांनी दिले नाही.

ते कारण स्वीडनमधील स्वांते आर्‍हेनियस या तरुणाकडून आले. १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी द्रावणांतून वीज कशी वाहते याचा विचार केला होता. परीक्षकांनी त्या प्रबंधाला खालची श्रेणी दिली. पण १८८७ मध्ये आर्‍हेनियस यांनी आपला सिद्धान्त स्पष्ट शब्दांत मांडला. मीठ पाण्यात विरघळताच त्याचे विद्युतभारित कणांत, म्हणजे आयनांत, विभाजन होते. सोडियमचा एक आयन आणि क्लोराइडचा एक. कण दुप्पट झाले म्हणून परिणामही दुप्पट झाला. ज्या द्रावणांतून वीज वाहते, नेमकी तीच द्रावणे गोठणबिंदूच्या नियमाला अपवाद ठरत होती. हा योगायोग नव्हता, हे आता उघड झाले. १९०३ मध्ये आर्‍हेनियस यांनाही नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही परिणाम पूर्ण दुप्पट का होत नाही, हा प्रश्न उरला. आर्‍हेनियस यांच्या मते काही रेणू न फुटता तसेच राहत असावेत. १९१८ मध्ये कलकत्त्याच्या ज्ञानचंद्र घोष यांनी वेगळा विचार मांडला. मिठासारखे पदार्थ संपूर्ण विभागलेलेच असतात. पण विरुद्ध भाराचे आयन परस्परांना ओढून धरत असल्याने सर्वांना पूर्ण स्वातंत्र्य मिळत नाही, असे त्यांनी प्रतिपादले. घोष यांची गणिती मांडणी टिकली नाही. १९२३ मध्ये डेबाय आणि ह्युकेल यांनी दिलेल्या सिद्धान्ताने तिची जागा घेतली. मात्र आयनांमधील आकर्षणाकडे वळलेली दिशा योग्य होती. घोष पुढे खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

संख्या कळते, जात कळत नाही

या तराजूचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दुधाच्या परीक्षेत एकाच वेळी दिसून येते. दुधात लॅक्टोज ही शर्करा आणि अनेक क्षार विरघळलेले असतात. जनावराच्या शरीरात दूध रक्ताशी समतोल राखूनच तयार होत असल्याने त्यातील कणांची संख्या फारशी बदलत नाही आणि त्याचा गोठणबिंदू उणे ०.५२ ते ०.५५ अंशाच्या आसपास स्थिर राहतो. स्निग्धांश मात्र थेंबांच्या रूपात तरंगत असतो, विरघळलेला नसतो. त्यामुळे दूध म्हशीचे असो वा गाईचे, सायीचे प्रमाण गोठणबिंदूवर परिणाम करीत नाही. दुधात पाणी मिसळले की कण विरळ होतात आणि गोठणबिंदू ० अंशाकडे सरकतो. १०० भागांत १० भाग पाणी असेल, तर हा फरक अंशाच्या विसाव्या भागाइतका असतो. संवेदनशील उपकरण तो सहज टिपते.

परंतु हे उपकरण केवळ गणती करते, ओळख पटवीत नाही. पाणी घातलेल्या दुधात मीठ, साखर किंवा युरिया टाकून कणांची संख्या भरून काढली, तर गोठणबिंदू पुन्हा पूर्वपदावर येतो. अशा भेसळीची उदाहरणे भारतात आढळली आहेत. म्हणूनच जबाबदार प्रयोगशाळा या एका परीक्षेवर न थांबता मीठ, साखर व युरिया यांच्या स्वतंत्र रासायनिक कसोट्याही घेते.

पेशीच्या उंबरठ्यावर

प्रत्येक जिवंत पेशी ही अर्धपार्य पडद्याने वेढलेली द्रावणाची पिशवी आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, कारण बाहेरील खारट द्रावण फोडीतील पाणी ओढून घेते. मीठ मुरलेल्या लोणच्यात किंवा दाट पाकातील मुरांब्यात सूक्ष्मजंतू पडले, तर त्यांच्याही पेशींतील पाणी असेच बाहेर खेचले जाते आणि त्यांची वाढ खुंटते. खारपट जमिनीत ओल असूनही पीक कोमेजते, यामागेही हेच कारण आहे; मुळांना ती ओल सहजासहजी मिळत नाही.

माणसाच्या रक्तद्रवात दर किलोग्रॅम पाण्यामागे २७५ ते २९५ मिलिमोल, म्हणजे मोलाचे हजारांश, इतके विरघळलेले कण असतात. ५० ग्रॅम ग्लुकोज म्हणजे सुमारे २७८ मिलिमोल. ९ ग्रॅम मीठ म्हणजे १५४ मिलिमोल. पण प्रत्येकाचे दोन आयन होतात, म्हणून ३०८. आयनांच्या परस्पर आकर्षणामुळे त्याचा प्रत्यक्ष परिणाम यापेक्षा थोडा कमी, सुमारे २८६ मिलिमोलांइतका होतो. आरंभीच्या दोन बाटल्यांवरील आकड्यांचा अर्थ येथे स्पष्ट होतो.

जलसंजीवनी

या गणतीवर किती जीव अवलंबून असू शकतात, हे पटकी म्हणजेच कॉलऱ्याच्या उपचारात दिसून आले. या रोगात जंतूंच्या विषामुळे आतड्याच्या अस्तरातून क्षार आतड्यात स्रवू लागतात आणि त्यांच्यामागोमाग परासरणाने पाणीही जाते. काही तासांत शरीर शुष्क होते. मात्र १९६० नंतरच्या संशोधनातून असे दिसून आले की, आतड्यातील एक यंत्रणा पटकीतही शाबूत राहते. ती ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत घेते. कण आत गेले की पाण्यालाही त्यांच्यामागून आत जावे लागते. नुसते पाणी किंवा नुसते मीठ यांनी जे साधत नाही, ते मीठ व ग्लुकोज यांच्या जोडीने साधते.

१९७१ मध्ये पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले, तेव्हा बनगाव येथे पटकीने थैमान घातले होते. शिरेतून देण्याचे द्रव संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडाने घेण्याचे द्रावण वापरण्याचा निर्णय घेतला. १ लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे त्याचे प्रमाण होते. कणांची गणती केल्यास ती ३०० मिलिमोलांच्या जवळपास, म्हणजे रक्ताच्या बरोबरीची भरते. रुग्णांचे नातेवाईकच ते द्रावण त्यांना पाजत. त्यापूर्वी शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराखाली शेकडा ३.६ पर्यंत खाली आले. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

पुढे जगभर स्वीकारल्या गेलेल्या जलसंजीवनीच्या मिश्रणात १ लिटरला ३११ मिलिमोल कण होते. ही संख्या रक्तापेक्षा थोडी अधिक आहे. आतड्यात न शोषले गेलेले कण उलट शरीरातील पाणी बाहेर ओढतात, म्हणून कणांची संख्या कमी करून पाहण्यात आली. ग्लुकोज १११ वरून ७५ मिलिमोल आणि सोडियम ९० वरून ७५ मिलिमोल असे घटवून एकूण २४५ मिलिमोलांचे मिश्रण बनवले, तेव्हा अतिसार झालेल्या मुलांमध्ये शिरेतून द्रव देण्याची गरज सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ पासून या मिश्रणाची शिफारस केली.

तांदळाच्या पिठापासून केलेले मिश्रण पटकीत विशेष गुणकारी ठरते, त्याचेही मूळ येथेच आहे. पिष्टाच्या एका लांब रेणूत ग्लुकोजचे शेकडो घटक गुंफलेले असतात. पिण्याच्या वेळी कण थोडे असतात. आतड्यात ते हळूहळू सुटे होतात आणि सुटे होताच शोषले जातात. पाणी ओढून घेण्याचा दोष न येता ग्लुकोज मात्र भरपूर मिळते.

जलसंजीवनीच्या पुडीवर ती किती पाण्यात विरघळवावी हे छापलेले असते. १ लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये विरघळवली, तर औषध अधिक प्रभावी होईल असा समज होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात दर लिटरमागे कणांची संख्या ४९० मिलिमोलांवर जाते, रक्ताच्या मर्यादेबाहेर पडते आणि जे द्रावण पाणी आत न्यावयाचे, तेच ते बाहेर ओढू लागते. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला मोल किंवा आयन ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. परंतु पाणी मोजूनच का घ्यावयाचे, याचे कारण तिला समजावून सांगता येण्यासारखे आहे, आणि ते सांगितले गेले पाहिजे.